वीस आणि एकशेवीसच्या मध्ये

संगणकाला वक्र रेषा काढता येत नाही. स्क्रीनवर दिसणारा कुठलाही आलेख, मग ती साइनची लाट असो की शेअर बाजाराचा चढउतार, खरं तर ठिपक्यांची रांगोळी असते. सॉफ्टवेअर काही ठिकाणी फंक्शनची किंमत काढतं, तिथे ठिपका ठेवतं आणि शेजारशेजारचे ठिपके सरळ रेषेने जोडतं. ठिपके पुरेसे जवळ असले की आपल्या डोळ्याला वळण दिसतं. आजीची रांगोळी आणि ही रांगोळी यात एकच फरक आहे. पूर्ण झाल्यावर मोर दिसणार हे आजीला आधीच माहीत असतं. सॉफ्टवेअरला मोराची कल्पनाही नसते. त्याच्याकडे फक्त ठिपके असतात, आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये काय आहे हे त्याने विचारलेलंच नसतं.

ठिपके ठेवायचे कुठे, हा प्रश्न म्हणून वाटतो तितका किरकोळ नाही. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिग्नल्सची लॅब घेते, आणि दरवर्षी या प्रश्नाच्या नवनव्या तऱ्हा बघते.

साध्या अक्षावर फारसं बिघडत नाही. शून्य ते शंभर हवं असेल तर सारख्या अंतरावर शंभर ठिपके टाकले की झालं. खरी गंमत लॉग अक्षावर सुरू होते. बारावीला लॉग टेबल वापरलेल्यांना (बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटरला बंदी, म्हणून ते पातळ पुस्तक) लॉग म्हणजे गुणाकाराची बेरीज करण्याची युक्ती एवढं नक्की आठवत असेल. लॉग अक्षावर तेच होतं. १ ते १० ला जेवढी जागा, तेवढीच १० ते १०० ला आणि तेवढीच १०० ते १००० ला. पट सारखी असेल तर अंतरही सारखं. त्यामुळे १ ते १० च्या टप्प्यात पहिली ३० टक्के जागा एकटा १ ते २ चा भाग खातो, आणि ९ ते १० ला पाच टक्केही मिळत नाहीत.

हे विचित्र वाटत असेल तर पेटी आठवा. पेटीवर प्रत्येक सप्तकाची रुंदी सारखीच असते, पण प्रत्येक सप्तकात वारंवारता दुप्पट होते. म्हणजे पेटी हा चक्क लॉग अक्ष आहे, आणि तो आपल्या कानांनी कित्येक पिढ्यांपूर्वी मान्य केलाय. आता समजा, तीन सप्तकांची, सुमारे १३१ ते १०४७ हर्ट्झची पेटी बनवायचं काम एखाद्या अरसिक माणसाकडे गेलं. त्याने ३७ पट्ट्या पट न बघता सारख्या फरकाने, म्हणजे दर २५ हर्ट्झला एक अशा लावल्या. खालच्या सप्तकात सहा पट्ट्या येतील, मधल्यात दहा आणि वरच्यात एकवीस. खाली रिषभ-गंधार सापडायची मारामार, आणि वर एवढी गर्दी की दोन पट्ट्यांतला फरक ऐकायला गुरुजींना कान टवकारावे लागतील.

गणिती सॉफ्टवेअरमध्ये अशी पेटी रोज बनते. मॅटलॅब आणि पायथनच्या नमपाय या दोन्हींत ठिपके मांडायची पहिली शिकवली जाणारी आज्ञा ‘लिनस्पेस’. ही सारख्या फरकाने ठिपके देते. तिची बहीण ‘लॉगस्पेस’ सारख्या पटीने देते. आपण काही सांगितलं नाही तर मॅटलॅबची लिनस्पेस १०० ठिपके देते आणि लॉगस्पेस ५०. नमपायमध्ये दोघी ५० देतात. (मॅटलॅबच्या लॉगस्पेसची एक खोड आहे. तिला दहाचा घात सांगायचा असतो, पण शेवटचा घात म्हणून ‘पाय’ दिलात तर ती दहाच्या पायाव्या घातापर्यंत न जाता थेट ३.१४ वर थांबते. डिजिटल सिग्नलवाल्यांच्या सोयीसाठी ठेवलेली वहिवाट आहे ही. पहिल्यांदा कळल्यावर मला हसू आवरेना.) ग्नूप्लॉटसारखं जुनं सॉफ्टवेअर याबाबत समंजस आहे. त्याला अक्ष लॉगचा कर म्हटलं की ते फंक्शनचे ठिपकेही लॉगच्या हिशोबाने टाकतं. पण जिथे ठिपके आधी आपण मांडायचे आणि मग अक्ष बदलायचा, तिथे अक्षाला ठिपक्यांचं काही सोयरसुतक नसतं. आधी लिनस्पेस, मग सेमीलॉग. अक्ष बदलतो, ठिपके जुन्याच ठिकाणी राहतात.

आकडे बघू. माणसाला ऐकू येणारा पट्टा ढोबळमानाने २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे दहापटीचे तीन टप्पे. त्यावर लिनस्पेसने २०० ठिपके टाकले तर दोन ठिपक्यांत साधारण १०० हर्ट्झचं अंतर येतं. पहिला ठिपका २० वर, दुसरा १२०.४ वर. म्हणजे पहिल्या टप्प्यात, २० ते २०० मध्ये, फक्त २ ठिपके. दुसऱ्यात १८. तिसऱ्यात १८०. कागदावर मात्र तिन्ही टप्पे सारख्याच रुंदीचे. २० आणि १२० च्या मधला भाग कागदाची चौथ्या हिश्शाहून जास्त जागा व्यापतो, आणि तिथे असते फक्त एक सरळ, गुळगुळीत, आत्मविश्वासाने भरलेली रेघ.

आपल्या देशात वीज ५० हर्ट्झची आहे.

हे वाक्य मध्येच का, ते सांगते. आमच्याकडे एका तोंडी परीक्षेत एका विद्यार्थिनीने ईसीजीच्या सिग्नलमधली विजेची गुणगुण काढून टाकणारं सर्किट आणलं होतं. शरीरावर चिकटवलेल्या तारा भिंतीतल्या वायरिंगमधून ५० हर्ट्झ उचलतात आणि हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखावर बारीक काटेरी कुंपण उगवतं. त्यासाठी नॉच फिल्टर वापरतात. ५० च्या आसपासची चिंचोळी पट्टी कापायची, बाकी सगळं जसंच्या तसं जाऊ द्यायचं. पोरीने महिनाभर खपून सर्किट जमवलं होतं. ऑसिलोस्कोपवर बटण दाबलं की काटे गायब व्हायचे. ते मी स्वतः पाहिलं होतं.

पण फाईलमध्ये तिने सूत्रावरून काढलेला आलेख होता, आणि त्या आलेखात काहीच नव्हतं. २० पासून २०,००० पर्यंत शून्य डेसिबलची सपाट रेघ. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पान उलटून बघितलं, परत उलटलं. म्हणाले, “यात फिल्टर कुठाय?”

“सर, स्कोपवर दिसतंय.”

“स्कोपवर काहीही दिसेल. हा तुमचाच आलेख ना? तुमचंच गणित सांगतंय की हे सर्किट काही करत नाही.”

तिचा चेहरा बघण्यासारखा नव्हता. सर्किट बरोबर, सूत्र बरोबर, प्रोग्रॅममध्ये एकही चूक नाही, लाल अक्षरात एकही सूचना नाही. आलेख काढायच्या ओळी आदल्या वर्षीच्या एका प्रयोगातून आलेल्या. त्याच २०० ठिपक्यांच्या लिनस्पेसच्या ओळी वर्गातल्या निम्म्या फायलींमध्ये होत्या. बाकीच्यांचे फिल्टर वरच्या वारंवारतांचे, म्हणून कुणाला झळ लागली नव्हती. हिच्या नॉचची दरी नेमकी २० आणि १२० च्या मध्ये. एक ठिपका दरीच्या अलीकडच्या काठावर, दुसरा पलीकडच्या, आणि मध्ये पूल.

मी परीक्षकांना म्हटलं, सर, दोन मिनिटं द्या. लिनस्पेसच्या जागी लॉगस्पेस घातलं, तेवढेच २०० ठिपके. आता प्रत्येक ठिपका आधीच्याच्या साधारण साडेतीन टक्के पुढे. आलेख परत काढला. ५० पाशी एक खळी पडली. खळीच म्हणायची, कारण ती चार डेसिबलसुद्धा खोल नव्हती.

परीक्षक हसले. “चार डेसिबलला तुम्ही नॉच म्हणता?”

इथेच बरेच जण थांबतात. लॉग अक्षाला लॉगस्पेस, झालं काम, असा नियम वहीत लिहून मोकळे होतात. पण गणित करून बघा. २०० ठिपक्यांतला सव्वीस-सत्ताविसाव्याच्या आसपासचा एक ठिपका पडला ४९.३ वर आणि त्याच्या पुढचा ५१.१ वर. फिल्टरची पट्टी होती जेमतेम १.७ हर्ट्झ रुंद, म्हणजे दोन ठिपक्यांतल्या अंतराएवढीच. दरीचा तळ बरोबर ५० वर, सिद्धांतात अनंत खोल. दोन्ही ठिपके उतारावर पडले, तळाशी एकही नाही. सारख्या पटीने ठिपके टाकल्याने कागदावरची गर्दी समान वाटली जाते, एवढंच. फंक्शन कुठे काय करतंय याची खबर लॉगस्पेसलाही नसते. जिथे काहीच घडत नाही तिथे ती भरभरून ठिपके देते आणि जिथे सगळं घडतं तिथेही तेवढेच.

तेवढ्यात ती पोरगी म्हणाली, “मॅडम, फक्त पंचेचाळीस ते पंचावन्न काढून बघू का?” तिने बघितलं. तिथेच २०० ठिपके, आणि रेघ तीस डेसिबल खाली गेली. मग तिने आपल्याच मनाने २०० चे २०१ केले. आता मधला ठिपका बरोबर ५० वर बसला. तिथे सूत्राची किंमत शून्य, शून्याचा लॉग उणे अनंत, आणि सॉफ्टवेअरने निमूटपणे तो ठिपका गाळून रेघ तिथे तोडली. एका ठिपक्याच्या फरकाने तीस डेसिबल ते अनंत. परीक्षक खुर्ची पुढे ओढून बसले. पुढची दहा मिनिटं त्यांनी तिला जे प्रश्न विचारले ते परीक्षेचे नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मार्क किती दिले ते इथे सांगत नाही, पण बरे दिले.

मग सॉफ्टवेअर स्वतः शहाणं का होत नाही? काही प्रमाणात झालंय. मॅथमॅटिका किंवा सेज फंक्शन थेट हातात घेतात तेव्हा आधी थोडे ठिपके टाकतात, दोन ठिपक्यांच्या मध्ये आणखी एक टाकून बघतात, आणि तिथे रेघ वाकत असेल तर तो तुकडा पुन्हा विभागतात. वळणावर ठिपके वाढतात, सरळ रस्त्यावर कमी. हुशारीच आहे. तरी दोन अडचणी उरतात. पहिली म्हणजे वाकणं मोजायचं कुठल्या कागदावर? साध्या कागदावर मोजलं तर २० ते १२० चा तुकडा एवढा आखूड असतो की तिथलं वळण हिशोबातच येत नाही. तेच लॉग कागदावर बसवल्यावर डोळ्यात खुपतं. म्हणजे ज्या कागदावर बघायचं त्याच कागदावर मोजायला हवं. दुसरी अडचण जास्त खोल आहे. सुरुवातीचे ठिपके आणि त्यांच्या मधले, सगळेच दरीच्या बाहेर पडले तर काही वाकतंय असा संशयच येत नाही, आणि संशय आला नाही तर कुणी खोदत नाही. सेज यावर एक मजेदार उपाय करतं. सुरुवातीचे ठिपके ते मुद्दाम थोडे इकडेतिकडे हलवतं, म्हणजे फंक्शनची लय आणि ठिपक्यांची लय जुळून येऊन एखादी अख्खी लाट सपाट दिसू नये. शिस्तीपेक्षा थोडी बेशिस्त बरी, असं मानणारं सॉफ्टवेअर मला आवडतं.

ठिपक्यांची ही कंजुषी जुनी आहे, आणि एके काळी तिला सबळ कारण होतं. हेन्री ब्रिग्जने १६२४ साली लॉगरिथमचं मोठं कोष्टक छापलं. चौदा दशांश स्थळांपर्यंतचे आकडे, सगळे हाताने काढलेले. पण त्यात १ ते २०,००० होते आणि पुढे एकदम ९०,००० ते १,००,०००. मधले सत्तर हजार नव्हतेच! ते अॅड्रियान व्लाक या डच माणसाने १६२८ च्या आवृत्तीत भरले, दहा स्थळांपर्यंत. तोवर ज्याला ५०,००० च्या आसपासचा लॉग हवा, त्याने काठांवरून अंदाज बांधायचा. पुढे १८८१ साली सायमन न्यूकम या खगोलशास्त्रज्ञाने नोंदवलं की लॉगच्या पुस्तकांची सुरुवातीची पानं शेवटच्या पानांपेक्षा लवकर मळतात आणि झिजतात. १ ने सुरू होणारे आकडे लोकांना जास्त लागतात, जवळजवळ ३० टक्के. मघाशी लॉग अक्षावर १ ते २ ने जेवढी जागा बळकावली होती तोच हा आकडा, तोही बोटांच्या मळाने मोजलेला.

आज ठिपका फुकट आहे. लाख टाका, लॅपटॉपचा पंखासुद्धा फिरायचा नाही. ज्या ठिकाणी ठिपका अजून महाग आहे तिथली गोष्ट वेगळी.

आमचे आप्पा इचलकरंजीत मागावर होते. एकतीस वर्षं, साधे माग. धोटा इकडून तिकडे फेकला जातो त्याचा खट्याक खट्याक, आणि असे वीस-बावीस माग एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे बोलायचं म्हणजे समोरच्याच्या कानात तोंड घालायचं, नाहीतर हातवारे. काम सोडून आता बरीच वर्षं झाली. गेल्या तीनेक वर्षांत घरात एक वाद कायमचा होता. आई म्हणायची, यांना ऐकू येत नाही. आप्पा म्हणायचे, “ऐकू येतंय की मला. तुम्हीच सगळी तोंडातल्या तोंडात बोलताय.” दोघंही खरं बोलत होते. माझ्या भावाचा जाड आवाज त्यांना नीट कळायचा. माझ्या मुलीचा, सहा वर्षांच्या पोरीचा, नाही. ती ‘साखर’ म्हणाली की ते ‘काय, आखर?’ विचारायचे. तिला वाटायचं आजोबा खेळतायत. एके दिवशी तिने त्यांना हाक मारणं सोडून थेट शर्ट ओढायला सुरुवात केली.

एका शिबिरात कान तपासून आणले. कागदावर तीन आकडे: ५०० हर्ट्झला २०, १००० ला २०, २००० ला २५ डेसिबल. सरासरी बावीसच्या आत, आणि पुढे शिक्का, नॉर्मल. आप्पांनी तो कागद आईसमोर दोन महिने नाचवला.

मी तो कागद हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा अक्ष बघितला. माझी खोडच आहे ती. कानाच्या तपासणीचा आलेख लॉग अक्षावरच असतो. २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८०००, प्रत्येक ठिपका दुप्पटीवर, म्हणजे प्रत्येक घर एका सप्तकाचं. कान लॉगने ऐकतो, त्यामुळे इथली मांडणी बरोबरच आहे. पण शिबिरातले तीन ठिपके मधल्याच घरांतले. बोलणं ऐकू येतंय का याचा अंदाज घ्यायला ते चालतात, आणि रांगेत साठ माणसं उभी असताना प्रत्येक ठिपक्याला लागणारा वेळ मला समजतो. इथे ठिपका म्हणजे एक माणूस बंद खोलीत कानावर हेडफोन लावून बसणार, बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबणार, नाही आली की आवाज वाढवणार, परत कमी करणार. हा ठिपका फुकट नाही. पण आवाजाने गेलेला कान मधल्या घरांतून जात नाही. आधी ३००० ते ६००० च्या मध्ये, बहुतेक वेळा ४००० च्या आसपास खड्डा पडतो, आणि ८००० ला रेघ थोडी वर येते. डॉक्टरही त्याला नॉचच म्हणतात.

आप्पांना कोल्हापुरात एका ऑडिओलॉजिस्टबाईंकडे नेलं. यायला तयार नव्हते. “नॉर्मल आहे म्हणून लिहून दिलंय की.” मी म्हटलं, आप्पा, तुम्ही कापड तपासताना मधलं मधलं बघायचा की काठापर्यंत? यावर काही बोलले नाहीत, चप्पल घातली.

बाईंनी सगळी घरं तपासली. ४००० ला ६५. २००० आणि ४००० मध्ये एवढा उतार दिसल्यावर त्यांनी मधला ३००० चाही ठिपका घेतला. शेजारच्या दोन घरांत वीस डेसिबल किंवा त्याहून जास्त फरक आला की मध्ये मोजायचं, हा त्यांच्याकडचा नियमच आहे. म्हणजे तेच, रेघ वाकली की तुकडा विभागायचा. फक्त इथे ते एक बाई कानाने आणि पेनाने करत होत्या. ३००० ला ४५. ६००० ला ५५. ८००० ला ४०. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याचे निळे फुलीचे ठिपके, दोन्ही एकाच दरीत उतरलेले. त्यांनी कागदाकडे बघितलं आणि आप्पांकडे न बघता मला विचारलं, “माग होते का?”

मी हो म्हटलं. ‘स’चा आवाज कुठे असतो तेही त्यांनी मला दाखवलं, पेनाचं टोक दरीच्या बरोबर वर ठेवून.

मशीन लागलं. पहिल्या दिवशी आप्पांनी ते दोनदा काढून ठेवलं. नळाचं पाणी फार वाजतं म्हणाले. मग संध्याकाळी पेपर उघडला, एक पान उलटलं, थांबले, परत उलटलं, आणि आईला विचारलं, “हा पेपर असा कधीपासून वाजायला लागला?”